सिम्स, इन्झोई वगैरे : खरेपणा किती हवा आणि येडेपणा किती?

मांजरवाटी
शुक्रवार, रात्री ११:४२

आज रात्री माझी आजी वारली. घाबरू नका, खरी नाही, सिम्स ४ मधली, म्हणजे तो माणसं बनवून त्यांचा संसार चालवायचा कॉम्प्युटर गेम. यमुनाबाई नाव ठेवलं होतं तिचं. तीन पिढ्या खेळत आणलेलं घराणं आहे, चौक-बिक असलेला वाडा बांधलाय (दोन वीकेंड गेले त्यात, आणि छप्पर अजून मनासारखं नाहीये), आणि ही बाई आयुष्यभर बागेत राबून शेवटी टोमॅटोच्या वाफ्यातच गेली. मग तो काळ्या झग्यातला ग्रिम रीपर आला, आपला यम म्हणा, त्याने काम उरकलं आणि निघून जायचं सोडून आमच्याच हॉलमध्ये टीव्हीसमोर जाऊन बसला.

इथपर्यंत ठीक. नात रडतीये. सून रडत रडत खरकटी ताटं उचलून निघाली कुठे, तर बाथरूमच्या बेसिनकडे. स्वयंपाकघरात सिंक आहे, ते हिला दिसत नाही. आणि घरजावयाच्या मूडचा रंग हिरवागार, म्हणजे साहेब खुशीत, का तर तो ज्या खोलीत उभा होता तिथे मी महागडं पेंटिंग लावून ठेवलंय. बाहेर वाफ्यात सासूचं थडगं उभं राहिलंय आणि हा चित्र बघून प्रसन्न.

मी आधी खूप हसले, म्हणजे नवरा उठून बाहेर आला इतकी हसले, आणि मग जरा वाईटच वाटलं. असं वाटलं की मी ह्या बाईला चाळीस-पन्नास तास खेळवलं आणि तिच्या जाण्याचं कोणालाच काही नाही.

उलट सिम्स २ आठवा. तिथे म्हातारं माणूस आयुष्य नीट जगून गेलं तर रीपरबरोबर हुला नाचणाऱ्या बायका यायच्या, गळ्यात फुलांची माळ, हातात ड्रिंक, जणू सुट्टीवर चाललेत. ते तर ह्याहून कितीतरी येडं आहे. पण तेव्हा मी खरंच रडले होते, अकरावीत होते. तर प्रश्न असा की एक येडेपणा पोटात कालवतो आणि दुसरा नुसता चिडचिड करतो, असं का होतं? तुम्हाला ह्या खेळांत किती खरं आणि किती खुळं आवडतं? सिम्सच पाहिजे असं नाही, इन्झोई, स्टारड्यू, ॲनिमल क्रॉसिंग, काहीही चालेल.

डबलरोटी
शुक्रवार, रात्री ११:५८

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी ह्याला +१११११

घरजावई बाकी वास्तववादी वाटला मला. (हलके घ्या)

जुना_जॉयस्टिक
शनिवार, सकाळी ७:१५

सकाळी सकाळी मस्त धागा. मी पहिल्या सिम्सपासूनचा, म्हणजे २००० साली आला तो. आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, मे महिन्याच्या सुट्टीत मामेभावाकडे डोंबिवलीला जाऊन खेळायचो, आणि लाइट गेली की सेव्ह केलं नव्हतं म्हणून एकमेकांना शिव्या.

तर आग. ज्यांनी तो भाग खेळलाय त्यांना नुसतं आग म्हटलं तरी पुरे. वीस हजार सिमोलिऑन (खेळातले पैसे) मिळायचे सुरुवातीला, त्यात आम्ही घर बांधलं, सगळ्यात स्वस्त शेगडी घेतली, आणि स्वयंपाकाचं स्किल शून्य असलेल्या माणसाला जेवण करायला लावलं. शेगडी पेटली. आता आपण काय करू, बाहेर पळू नाहीतर पाणी आणू. तर हे झोपेतून उठून, संडासातून उठून, सगळे त्या शेगडीभोवती जमले आणि हात वर करून किंचाळायला लागले. फोनवर क्लिक केलं तर फोनजवळ जायचं सोडून पुन्हा आगीकडे. मामेभाऊ ओरडतोय बाहेर काढ बाहेर काढ, मी क्लिक करतोय, सिम वळतो, दोन पावलं जातो, आग दिसली की पुन्हा हात वर. शेवटी एक जण गेलाच. उरलेले रडून झाले आणि जरा वेळाने त्यातलाच एक त्याच जागेवर नवी शेगडी घेतल्यावर पुन्हा सकाळचा नाष्टा करायला उभा. आगीचा अलार्म ५० की कितीला होता तो घेतला असता तर बंब आपोआप आला असता, पण आम्ही ते पैसे टीव्हीवर घातले होते.

ह्यात विनोद कुठे आहे सांगतो. गेम एकदाही डोळा मारत नाही. आग खरी, बिलं खरी, पैसे संपले ते खरे, माणूस गेला तो खरा. माणसं तेवढी बिनडोक. म्हणून मजा. हल्ली काय होतं की गेमच आपल्याला कोपराने ढोसून सांगत बसतो, बघ बघ किती गंमत झाली. मग नाही येत हसू.

हर्षल_म्युनिक
शनिवार, दुपारी १:३०

जॉयस्टिक, दंडवत घ्या. शेवटचा मुद्दा एकदम बरोबर, आणि त्याचं कारण तो खेळ आतून कसा चालतो त्यात आहे. मी गेम बनवत नाही, पण सॉफ्टवेअरमध्येच आहे आणि हा विषय नादाने वाचलेला आहे, तेव्हा जरा लांबण लावतो.

पहिल्या सिम्समध्ये माणसाला अक्कल दिलेलीच नव्हती. त्याला फक्त आठ गरजा: भूक, आराम, स्वच्छता, संडास, झोप, मजा, गप्पा आणि खोली कशी आहे ती. अक्कल सगळी वस्तूंमध्ये. फ्रिज सतत जाहिरात करत असतो की माझ्याकडे ये, भूक इतकी भागेल. टीव्ही म्हणतो मजा इतकी वाढेल. सिम आपला सगळ्या जाहिराती ऐकतो, आत्ता कुठली गरज जास्त पेटलीये ते बघतो आणि जी आकर्षक वाटेल तिकडे चालू लागतो. फ्रिजकडून खाणं कसं काढायचं हेसुद्धा फ्रिजच त्याला सांगतो. म्हणून नवी वस्तू घरात टाकली की माणसाला काही न शिकवता ती वापरता येते. एक्स्पान्शन पॅकचा, म्हणजे मूळ खेळाला जोडायला वेगळे विकतात त्या भागांचा, अख्खा धंदा ह्या एका कल्पनेवर उभा राहिला असं म्हटलं तरी चालेल.

आता मांजरवाटींची सून घ्या. तिला सिंक पाहिजे. सिंक म्हणजे सिंक. बाथरूमचं वेगळं आणि ओट्याचं वेगळं हे सोवळंओवळं तिला कोणी सांगितलेलंच नाही. ती तिच्या हिशोबाने अगदी बरोबर वागतीये, आणि तेच आपल्याला येडं दिसतं.

दुसरं म्हणजे हा खेळ मुळात माणसांचा नव्हताच. सिम्स ज्याने बनवला त्या विल राइटचं घर १९९१ च्या ओकलंडच्या मोठ्या वणव्यात जळलं. सगळं नव्याने उभं करायचं, चमच्यापासून विकत घ्यायचं, तेव्हा आपल्याला खरं लागतं काय आणि कशासाठी, हा विचार त्याच्या डोक्यात घोळत राहिला. सुरुवातीची कल्पना घरं बांधायच्या खेळाची होती, माणसं फक्त घर चांगलं झालंय का ते तपासायला सोडायची. तपासणारेच जास्त गमतीदार निघाले. ज्याचं घर आगीत गेलं त्याच्या खेळात आग आणि किंचाळणारी माणसं इतकी जिवंत असावीत ह्याचं मला अजून नवल वाटतं.

आणि ती सिमलिश, म्हणजे सिम बोलतात ती अर्थ नसलेली भाषा, ती नुसती गंमत म्हणून नाहीये. खऱ्या भाषेत चार वाक्यं रेकॉर्ड केली असती तर दुसऱ्या दिवशी त्याच त्याच वाक्यांनी डोकं उठलं असतं. अर्थ नसला की आपण भरतो. माझ्या घरातले सिम माझ्या कानाला सरळ मराठीत भांडतात, आणि एक तर हुबेहूब आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा.

डबलरोटी
शनिवार, दुपारी १:४४

सिंक म्हणजे सिंक. बायोमध्ये टाकतोय.

रानजाई
शनिवार, दुपारी ४:०५

मी दुसऱ्या बाजूने बोलते कारण इथे सगळे जुन्या आठवणीवालेच दिसतायत. मला तो येडेपणा नाही आवडत. मी इन्झोई खेळते, २०२५ च्या मार्चमध्ये अर्ली ॲक्सेस (पुरा व्हायच्या आधीच खेळायला देतात तो) निघाला तेव्हापासून, आणि ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, कोरियातल्या क्राफ्टनचा आहे, अनरियल इंजिन ५ ह्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनवलाय त्यामुळे केस, कापड, रस्त्यावरचा उजेड असला भारी दिसतो की नुसतं चालत राहावंसं वाटतं. दोवॉन म्हणून कोरियन पद्धतीचं शहर आहे त्यात. माझी झोई (ह्यातल्या माणसांना झोई म्हणतात) तिथे एका छोट्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, सकाळी उठते, आवरते, कामाला जाते, येताना काहीतरी खायला घेते. बास. मी बंगळुरूला तिघींबरोबर एका खोलीत राहते आणि माझ्या डोक्यावर कायम कोणाचे तरी ओले टॉवेल लटकत असतात. मला गायीच्या तोंडाचं माणसं खाणारं झाड नकोय. मला एक स्वच्छ ओटा पाहिजे ज्यावर माझ्याशिवाय कोणी काही ठेवलेलं नाही.

तर खरेपणा म्हणजे बिलं आणि मरण असंच का? कंटाळा, शांतता हे पण खरंच आहे की. माझ्यासाठी तर तीच चैन आहे.

तिरपागडा
शनिवार, संध्याकाळी ६:२०

@रानजाई, ओट्याचं पटलं. पण काऊप्लांटचा अपमान सहन केला जाणार नाही. सिम्स २ च्या कॉलेजवाल्या पॅकपासून आमच्या घराण्याची कुलदेवता आहे ती. उपाशी ठेवली की तोंडातून केक बाहेर काढून दाखवते, आणि केक बघून जो जाईल तो गेला. माझे तीन भाडेकरू गेले. आणि बघा ना, त्यातही जॉयस्टिक म्हणतात तसं नियम एकदम कडक: वेळेवर खायला घाला, काही होत नाही. आमच्याकडे म्हैस होती तिचंही असंच होतं, फक्त केक नव्हता.

रानजाई
शनिवार, संध्याकाळी ६:३१

लोल. पण खरं सांगते, इन्झोईमध्येही येडेपणा आहेच. तुम्ही म्हणजे एका कंपनीतले इंटर्न आणि बॉस एक भलं मोठं मांजर. कर्माचा हिशोब आहे, लोक फार वाईट वागले की मेल्यावर भुतं होऊन फिरतात. पण ते सगळं माझ्या फ्लॅटच्या बाहेर. आत कोणी डोळे फिरवून नाचत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे ती पण सांगून टाकते. सुरुवातीच्या दिवसांत त्यात असा बग होता की गाडीने लोकांना उडवता येत होतं, लहान मुलांना सुद्धा. व्हिडिओ फिरले, कंपनीने माफी मागितली, हे असं व्हायला नको होतं म्हणून पॅच आणला. तो व्हिडिओ बघून मला मळमळलं होतं. आणि तेव्हा डोक्यात आलं की पहिल्या सिम्समध्ये हेच झालं असतं तर लोकांनी वर्षानुवर्षं त्याचे जोक केले असते.

हर्षल_म्युनिक
शनिवार, रात्री ९:१०

हा ह्या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे माझ्या मते. चेहरा जितका खरा तितकी थट्टेला जागा कमी. मासाहिरो मोरी नावाच्या जपानी प्राध्यापकाने १९७० मध्ये यंत्रमानवांबद्दल लिहिलं होतं की ते माणसासारखे होत जातात तसे आवडत जातात, आणि अगदी माणसाजवळ पोचले की एकदम अंगावर काटा येतो. दिसण्यापुरतं ते होतं, पण वागण्याला पण लागू पडतं बहुतेक. सिम्स ४ मधला माणूस प्लॅस्टिकच्या बाहुल्यासारखा दिसतो, तो बाथरूममध्ये भांडी धुतो तर चालतं. इन्झोईतल्या त्या सुंदर मुलीने, जिच्या स्वेटरचे धागे मोजता येतात, तिने धुतली तर आपण म्हणणार हिची तब्येत बरी नाही का.

म्हणजे ग्राफिक्स वाढवले की खेळ आपोआप खरा होत नाही, उलट त्यावरचं कर्ज वाढतं. बाकी सगळं पण तितकंच खरं करून दाखवावं लागतं, आणि ते कोणाला जमणारे. लाइफ बाय यू म्हणून एक येणार होता, सिम्सवर काम केलेला रॉड हंबल त्याच्या मागे होता, खेळणाऱ्याला सगळं बदलता येईल, लोक खऱ्या भाषेत बोलतील असं बरंच काही. २०२४ च्या जूनमध्ये अर्ली ॲक्सेसलाही न पोचता गुंडाळला.

अण्णा_गिरगाव
रविवार, सकाळी ८:०२

तिसऱ्यांदा वाचतोय हा धागा आणि अजून मला एक कळलेलं नाही. खऱ्या घरात भांडी पडलेली असताना खोट्या घरातली भांडी कोण कुठे धुतंय ह्याची चिंता करणारी ही कुठली पिढी? संसार काय कमी पडतो का की तो परत कॉम्प्युटरवर करायचा?

डबलरोटी
रविवार, सकाळी ८:१०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आत्याबाई
रविवार, सकाळी ११:२६

अण्णा, तुमच्या घरात भातुकली नव्हती का हो? आमच्याकडे पितळेची होती, आजीच्या माहेरची. इवलासा बंब, पोळपाट-लाटणं, जातं, आणि जातं खरंच फिरायचं. भांडी इतकी खरी आणि स्वयंपाक काय, तर चुरमुरे नाहीतर गूळ-दाणे, आणि ते नाही मिळाले तर मातीचा भात. बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचो, त्यात मानपान, रुसवेफुगवे, मुलाकडच्यांना पंगतीत आधी बसवायचं हे सगळं मोठ्यांसारखं, आणि नवरदेव कापूस बाहेर आलेला. तो कापूस आलाय म्हणून लग्न मोडलं नाही कधी. पण वरमाईला आधी चहा दिला नाही म्हणून माझी मैत्रीण खरोखर उठून घरी गेली होती, दोन दिवस बोलली नाही. मला वाटतं हा खेळ तिथूनच कळतो. काय खरं धरायचं आणि काय चालवून घ्यायचं हे पोरं बरोब्बर ठरवतात.

आणि मांजरवाटी, तुमच्या यमुनाबाईंवरून एक आठवलं, लिहू की नको असं झालं होतं.

माझ्या आईच्या दहाव्याला घाटावर गेलो होतो. पिंड ठेवले, कावळे समोर झाडावर ढीगभर, एक शिवेना. ऊन चढलं. भाऊ म्हणाला आई, धाकटीचं लग्न मी करीन. नाही. मी म्हटलं तुझी भांडी कोणाला देणार नाही. नाही. काका म्हणाले वहिनी, ते दोन हजार मी परत करतो. (कोणते दोन हजार, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.) तरी नाही. मग सगळे आपापली गुपितं सांगायला लागले, माझी वहिनी म्हणाली सासूबाई, तुमची नऊवारी मी ड्रेससाठी कापली, चूक झाली. आणि तेवढ्यात गुरुजींच्या पिशवीतला मोबाइल वाजला, त्याला कुठल्यातरी लावणीची रिंगटोन. भाऊ खाली मान घालून हलायला लागला, मला वाटलं रडतोय. हसत होता. मग मीही. तेवढ्यात कावळा आला आणि घास उचलून गेला.

तर तो हिरवा जावई मला फार खोटा नाही वाटला. फक्त त्याने निदान तोंड लपवायला हवं होतं.

मांजरवाटी
रविवार, दुपारी १२:१५

आत्याबाई... काय लिहिलंय. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

आणि बहुतेक माझा प्रश्न तुम्ही सोडवला. हुला नाचणाऱ्या बायका आल्या तेव्हा घरातले सगळे रडत होते, म्हणजे मरण आहे तितकंच जड ठेवलं होतं आणि वर तो नाच. घाटावर पण तसंच झालं, कावळ्याचं कोणी हसण्यावारी नेत नव्हतं म्हणूनच रिंगटोन भारी पडली. परवा माझ्याकडे मरणच हलकं झालं, पेंटिंगच्या वजनाचं. मग नुसता गोंधळ उरतो.

तोंड लपवण्याचं तर अगदी बरोबर. ह्या खेळात कोणाला तोंड लपवताच येत नाही. जो मूड आहे तो नाव घालून, रंग लावून समोर.

कुंदाचीकळी
रविवार, दुपारी ३:४०

वाचनमात्र होते, पण मरणावर चाललंय तर सिम्स ४ च्या लाइफ अँड डेथ पॅकबद्दल कोणीच कसं बोललं नाही? २०२४ च्या ऑक्टोबरच्या ३१ तारखेला आला. अंत्यविधी ठेवता येतो, मृत्युपत्र करता येतं, कोणी दुःखाने चिडतं, कोणी आतल्या आत दाबतं. इतकं सगळं गंभीर, आणि त्याच पॅकमध्ये तुम्ही यमदूताची नोकरी करू शकता. ऑफिस आहे, वरिष्ठ आहेत, आत्मे गोळा करायचं टार्गेट आहे. मी एका बँकेच्या शाखेत आहे, मार्चएंडला टार्गेट म्हणजे काय ते मला विचारा. माझा यमदूत पहिल्या दिवशी टार्गेट पुरं न करता घरी आला आणि सोफ्यावर नुसता बसून राहिला, त्या क्षणी मला तो माझ्या नवऱ्यापेक्षा जवळचा वाटला.

बाकी चाळ बांधायची असेल तर सिम्स ४ चाच फॉर रेंट पॅक घ्या, २०२३ च्या डिसेंबरचा. एकाच इमारतीत वेगवेगळी बिऱ्हाडं, घरमालक, शेजारच्यांचं चोरून ऐकणं, हे सगळं अधिकृतपणे आहे त्यात. चोरून ऐकण्याचं बटण आहे! आमच्या चाळीत त्याला बटण लागत नव्हतं. आणि सगळ्यात अवास्तव काय म्हणाल तर मेड. रोज येते, वेळेवर येते, गावाला जात नाही. इतकी कल्पनारम्यता त्या काऊप्लांटमध्ये पण नाही.

डबलरोटी
रविवार, दुपारी ३:५२

मेडला +१. फँटसी टॅग लावा.

तिरपागडा
रविवार, संध्याकाळी ७:०८

अवांतर नाही पण सिम्सच्या बाहेर येऊ जरा. टोमोडाची लाइफ कोणी खेळलाय का? निन्टेंडोच्या ३डीएस ह्या हातात धरायच्या गेम मशीनवर, जपानमध्ये २०१३ आणि बाकी ठिकाणी २०१४. त्यांच्याच स्विच मशीनसाठी नवा भाग जाहीर झाला तेव्हा मी घरात ओरडलो होतो. त्यात माणसांना मी म्हणतात, त्यामुळे मराठीत सांगताना फार घोळ होतो. म्हणजे माझा मी बाबांच्या मीवर रुसला होता आणि आमच्या घरमालकाच्या मीने माझ्या मीला सोडून मावशीच्या मीला मागणी घातली. तुम्ही फक्त माणसं बनवायची आणि बेटावर सोडायची, बाकी ती काय करतील ते करतील, तुम्ही खायला घाला, कपडे द्या, भांडणं मिटवा. रात्री त्यांची स्वप्नं बघता येतात, ती तर विचारूच नका.

इथे वास्तव काहीच नाही, ना बिलं ना ऑफिस. पण माणसं ओळखीची आहेत ना, म्हणून चालतं. तेच अनोळखी चेहरे घालून खेळलो तर दुसऱ्या दिवशी कंटाळलो. म्हणजे कुठेतरी एक खुंटी खऱ्या भिंतीत ठोकलेली पाहिजे, मग तिच्यावर काहीही लटकवा.

स्टारड्यूमध्ये पण तेच. एकट्या एरिक बॅरोनने बनवलाय तो, २०१६. अख्खं गाव शांत, पेरा, पाणी घाला, कोंबड्या सांभाळा. आणि त्यात सरपंच लुईसची हरवलेली जांभळी चड्डी. ती परत द्यायची असते, पण समजा नाही दिली, आणि उन्हाळ्याच्या समारंभात गावाच्या मोठ्या रश्शात टाकली, जो गव्हर्नर येऊन चाखतो, तर त्याची सुद्धा सोय केलेली आहे. वर्षभर इमानदारीत मुळे-कोबी पिकवल्यावर तो प्रसंग जो काही होतो. पहिल्याच दिवशी झाला असता तर काही वाटलं नसतं.

जुना_जॉयस्टिक
रविवार, रात्री १०:०१

खुंटी आवडली.

एकच तक्रार, ती नव्या भागांबद्दल. सिम्स ४ मध्ये स्विमिंग पूल २०१४ ला नव्हतेच आधी, नंतर आले, आणि आले तेव्हा शिडी काढली तरी सिम काठावरून आपला आपण वर येतो. पूर्वी शिडी काढली की संपलं. क्रूर होतं, मान्य. पण तो मूर्खपणा होता आणि त्याची किंमत होती. आता ते शहाणे झालेत पण भांडी अजून बाथरूममध्ये. उलटं झालंय सगळं. जिथे मूर्ख राहायला हवे होते तिथे अक्कल दिली.

रानजाई
रविवार, रात्री १०:०९

काका, लोकांना बुडवायला मिळत नाही ही तक्रार आहे तुमची?

जुना_जॉयस्टिक
रविवार, रात्री १०:११

हो. आणि काका नको.

अण्णा_गिरगाव
सोमवार, सकाळी ७:३०

भातुकली होती. बहिणीची होती, मला वाण्याच्या दुकानावर बसवायचे. आत्याबाईंचा घाटावरचा प्रसंग वाचून आमचे वडील आठवले, तिथे अस्सल आंब्याची पेटी कबूल करावी लागली होती.

आता एक शंका आहे ती विचारतो. मांजरवाटी, तुमच्या त्या यमुनाबाई शुक्रवारी गेल्या. घरात सुतक पाळलंत का?

डबलरोटी
सोमवार, सकाळी ७:४१

😂😂 अण्णा मैदानात

मांजरवाटी
सोमवार, रात्री ११:२०

अण्णा, तुम्ही विचारलंत ते दिवसभर डोक्यातून गेलं नाही. ऑफिसात एका कॉलवर मला काहीतरी विचारलं आणि मी सुतकाचा हिशोब करत होते.

अडचण अशी आहे की तेरा दिवस परवडत नाहीत. खेळात अख्खं टीनएज दोन-तीन आठवड्यांत संपतं, तेरा दिवस पाळले तर नातीची अर्धी शाळा आजीच्या सुतकात जाईल आणि ती मोठी होऊन मलाच बोल लावेल. मग मी तेरा तासांवर आणलं. सिम्स ४ मध्ये साध्या स्पीडला खेळातला एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, तेव्हा तेरा तास म्हणजे आपली बरोब्बर तेरा मिनिटं. मोबाइलवर टायमर लावला. नियम: स्पीड वाढवायचा नाही, स्टिरिओ बंद, पाहुणे नाहीत, गोडधोड नाही, ते पेंटिंग भिंतीवरून काढून ठेवायचं.

पेंटिंग काढल्यावर पाच मिनिटांनी जावयाचा हिरवा रंग गेला. रडला नाही, पण नुसता उभा राहिला. सहाव्या मिनिटाला नात थडग्यापाशी जाऊन रडली, मी सांगितलं नव्हतं, आपणहून गेली. सून उठली, ताटं उचलली, मी श्वास धरून बघतीये, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, वळली आणि बाथरूममध्ये. चालू दे म्हटलं. नवव्या मिनिटाला वाफ्यातले टोमॅटो काढायला झालेले दिसले, ते मी कोणाकडूनही काढून घेतले नाहीत. बाराव्या मिनिटाला जावयाने न सांगता चीज सँडविच केलं, आठ जणांचं, आणि पहिली प्लेट घेऊन कोण बसलं असेल तर तो काळ्या झग्यातला. शुक्रवारपासून गेलेलाच नाही तो. मी सेव्ह करून बंद केलं होतं तेव्हा तिथेच होता ना, मग तिथेच.

टायमर वाजला तेव्हा तो टीव्हीवर कुकिंगचा कार्यक्रम बघत होता.

अण्णा_गिरगाव
मंगळवार, सकाळी ७:३४

त्याला पानात काहीतरी गोड वाढा. मग जाईल.